प्रतिसाद नाही

"आवाज आला की बटण दाबायचं. बारीक आला तरी दाबायचं. आल्यासारखा वाटला तरी दाबायचं."

"आणि नाहीच आला तर?"

"तर बसून राहायचं. ती चूक नाही."

खुर्चीतल्या निवृत्त बसचालकाने मान डोलावली आणि बटणाची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, जणू सोडली तर गाडी उताराला लागणार होती. बटणवाल्यांनी हेडफोन त्याच्या कानांवर बसवले, लाल उजवीकडे, निळा डावीकडे. आवाजबंद खोलीचे जाड दार ओढून घेतले आणि काचेच्या या बाजूला यंत्रापुढे येऊन बसले.

कानांच्या दवाखान्यात श्रवणतपासनीस हे त्यांचे पद होते; पण येणाऱ्यांच्या लेखी ते बटणवाले काका होते आणि हे नाव डॉक्टरीणबाईंनीही उचलले होते. काम सांगायला सोपे होते. एक स्वर पाठवायचा. बटण दाबले गेले की तो कमी करून पुन्हा पाठवायचा, पुन्हा कमी करायचा. उत्तर थांबले की जरासा वाढवायचा. असे खालीवर करत, माणूस अर्ध्या वेळा ऐकतो आणि अर्ध्या वेळा ऐकत नाही अशा जागी येऊन थांबायचे. त्या जागेला उंबरठा म्हणतात. यंत्राची ताकद संपेपर्यंत स्वर वाढवूनही बटण दाबले गेले नाही, तर आलेखावर खाली वळलेला एक बाण काढायचा. त्याचा अर्थ : प्रतिसाद नाही.

या कामाचे दोन नियम ते शिकतानाच शिकले होते. पहिला : सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी हेडफोन स्वतःच्या कानांना लावून सगळे स्वर ऐकून घ्यायचे. कुठल्याशा दवाखान्यात कुणा एकाने हे केले नव्हते आणि एका मुलीचा डावा कान निकामी ठरवला होता. कान शाबूत होता, हेडफोनची वायर आतून तुटलेली होती. ही गोष्ट खरी होती की शिकवणाऱ्यांनी धाक म्हणून रचली होती, याचा शोध बटणवाल्यांना लागला नव्हता. नियम मात्र त्यांनी एकदाही चुकवला नव्हता. दुसरा नियम : स्वर पाठवताना समोरच्याकडे बघायचे नाही. माणसे तपासणाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर काढतात.

बसचालकाने मधेमधे बटण दाबले, जेव्हा काहीच पाठवलेले नव्हते तेव्हा. असे लोक असतात. बटणवाल्यांचे निरीक्षण असे होते की ते बहुधा एकटे राहणारे असतात. याला कसलाही पुरावा नव्हता, आणि निरीक्षण व निष्कर्ष यांच्यात हातभर अंतर ठेवावे हे त्यांना माहीत असल्यामुळे त्यांनी हे कधी कुणाला सांगितले नव्हते.

"किती मार्क पडले?" बाहेर येऊन चालकाने विचारले.

"परीक्षा नव्हती ही. पण मी थांबलो होतो तेव्हासुद्धा तुम्ही दाबत होतात."

"सवय हो. स्टॉप नसला तरी वाटेत कुणीतरी हात दाखवतंच. थांबावं लागतं."

मग चाचणीपुरते श्रवणयंत्र त्याच्या कानात बसवून बटणवाल्यांनी त्याला दवाखान्याच्या लांब बोळातून एक फेरी मारून यायला सांगितले. तो परत आला तो खाली बघतच. "माझ्या चपला इतक्या वाजतात?" तो म्हणाला. "ही म्हणायची. मला वाटायचं, उगाच काहीतरी काढते."

ही अजून आहे का, हे बटणवाल्यांनी विचारले नाही. वाक्य मात्र त्यांनी मनात ठेवून घेतले.

यंत्र लावल्यावर माणसाला पहिल्यांदा काय ऐकू येते, हा त्यांच्या जीवनातला एकमेव छंद होता, जर त्याला छंद म्हणता येत असेल तर. लोकांना वाटते, नातवंडांचा आवाज, पाखरे, गाणे. तसे क्वचितच घडते. एका शिक्षिकेने पहिल्या रात्रीनंतर येऊन सांगितले होते, "घरात कुणीतरी आहे असं वाटलं. उठून बघितलं तर फ्रिज." एका सुताराला स्वतःचे पाणी पिणे ऐकू आले होते आणि आपण गुरासारखे पितो याची त्याला लाज वाटली होती. एका गृहस्थांनी आठवड्याभरात यंत्र परत आणून ठेवले. ते म्हणाले, "इतके दिवस वाटायचं, सगळे माझ्याबद्दलच बोलतात. आता ऐकू येतं. कुणीच बोलत नाही."

पूर्वी अशी वाक्ये ऐकायला साचेवाला होता. श्रवणयंत्रासाठी कानाचे साचे घेणे हे त्याचे काम. बटणवाल्यांच्या शेजारच्या खोलीत त्याने अर्धे आयुष्य लोकांच्या कानांत गुलाबी लगदा भरण्यात घालवले. दुपारच्या चहाला बटणवाले त्याला दिवसाचे वाक्य सांगत आणि तो त्याला पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गात पास करी. फ्रिजला त्याने पहिला वर्ग दिला होता आणि त्यानंतर चहा तसाच ठेवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला होता. तो निवृत्त होऊन मुलीकडे गेला, लांब. फोनवर त्याला हे सांगता येत नसे. फोनवर तो फक्त गुडघ्यांविषयी बोले. जाताना मात्र म्हणाला होता, "कुठेतरी लिहीत जा रे. वाचणारे असतात जगात. आपल्याला पत्ता माहीत नसतो, एवढंच."

घरी ताई होती. बटणवाल्यांची थोरली बहीण, विधवा, आणि गेली काही वर्षे उघडउघड कमी ऐकू येणारी. दिव्याखाली अंधार, असे शेजारी म्हणत आणि आपणच हे पहिल्यांदा म्हणतो आहोत असे प्रत्येकाला वाटे. तपासणीचा विषय काढला की ताईचे उत्तर ठरलेले होते : "लहानपणी तुझे कान मी धरायचे. आता तू माझे धरणार होय?" टीव्हीचा आवाज ती इतका मोठा ठेवी की बातम्या खालच्या मजल्यालाही कळत. त्याच्या वरताण ओरडून सांगण्याजोगे बटणवाल्यांपाशी 'जेवायला वाढ' आणि 'गॅस बंद केलास का' यांपलीकडे काही उरले नव्हते. फ्रिज ओरडून सांगता येत नाही.

म्हणून ते इंटरनेटवरच्या एका जाळ्यावर गेले.

नेहमीच्या मोठ्या समाजमाध्यमांवर त्यांचा विश्वास नव्हता. तिथे कुणाचे बोलणे कुणाच्या कानी घालायचे हे एक यंत्र ठरवते, आणि ते यंत्र तपासायची परवानगी कुणालाच नसते. हे जाळे वेगळे आहे, असे त्यांनी एका विज्ञानविषयक मासिकात वाचले. त्याला मालक नव्हता. हजारो लहानमोठे सर्व्हर, म्हणजे जणू वेगवेगळी घरे. प्रत्येकाचा राखणदार वेगळा, नियम वेगळे. पण टपाल एकमेकांत जात-येत असे. एका घरात राहून दुसऱ्या घरातल्याचे वाचता येई. जे लिहिले ते लिहिलेल्या क्रमाने दिसे. तत्त्व त्यांना पटले. पंचाईत एकच होती : कुठल्या घरात राहायचे हे आधी आपले आपण ठरवावे लागे, आणि आपली माणसे कुठल्या घरात आहेत हे राहून पाहिल्याशिवाय कळत नसे.

पहिले घर सर्वांत मोठे म्हणून निवडले. तो बाजार निघाला. त्यांचे वाक्य तिथे पडताक्षणी शंभर वाक्यांखाली जाई. उंबरठ्याच्या कितीतरी खाली. दुसरे घर त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांचे होते. तिथे सगळे आपापल्या नव्या यंत्रांची छायाचित्रे लावत आणि परिषदांहून आल्याचे कळवत. फ्रिजच्या वाक्याखाली एका जाणकाराने लिहिले की ही ध्वनिवर्धनाची पातळी चुकल्याची तक्रार असून यंत्र पुन्हा जुळवून द्यावे. उत्तर बरोबर होते. बटणवाल्यांनी खाते बंद केले.

तिसऱ्या घरात कमी ऐकू येणारी माणसे होती. इथे तरी, असे त्यांना वाटले. त्यांनी सुताराचे पाणी लिहिले. पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंनी, ज्या स्वतः जन्मापासून कमी ऐकत होत्या, त्यांना उत्तर दिले, आणि ते उत्तर त्यांना पुढे शब्दशः आठवत राहिले : "तुम्ही काचेच्या त्या बाजूचे. इथे या बाजूचे लोक बोलतात. तुम्ही बसा, वाचा, कुणी हाकलत नाही. पण आमच्या गोष्टी आम्हाला सांगू द्या. आणि त्या सुताराला विचारलं होतंत का, सांगू का म्हणून?"

राग आला असता तर सोपे झाले असते. पण बाईंचे म्हणणे त्यांना योग्य वाटले. दुसऱ्या दिवसापासून ते रुग्णांना विचारू लागले. नाव-गाव काही नाही, फक्त वाक्य, लिहू का? बहुतेकांना गंमत वाटे. आणि सावधगिरीचा आणखी एक उपाय म्हणून त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन, लिहिलेले कुणाला दिसावे या प्रश्नापुढचा 'सर्वांना' हा पर्याय काढून 'फक्त फॉलोअरांना' हा ठेवला. म्हणजे आपले लिहिणे आपल्याकडे यावे असे ज्याने मुद्दाम सांगून ठेवले आहे, त्यालाच. सभ्य माणसाने असेच करावे, असे त्यांना वाटले. चौथ्या घरात गेल्यावरही त्यांनी सर्वांत आधी हेच केले.

ते चौथे घर लहान होते. कमी आवाजाची कामे करणाऱ्यांसाठी, एवढेच दारावर लिहिलेले. ते चालवणारी बाई आपल्या मागच्या खोलीत एका जुन्या संगणकावर तो सर्व्हर ठेवत असे आणि सगळे तिला घरमालकीण म्हणत. आत येऊ इच्छिणाऱ्याला ती एक प्रश्न विचारी : तुमच्या कामात आवाज कशाचा येतो? बटणवाल्यांनी उत्तर लिहिले, "माझ्या कामात आवाज मीच करतो, आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंत कमी करत नेतो." थोड्या वेळाने उत्तर आले : "या. जागा आहे."

आत एक रफूवाली होती. कापडाचा पोत बघून ते कुठे फाटणार हे ती आधी सांगू शके, असा तिचा दावा होता. एक मुद्रितशोधक होता, तो दुसऱ्यांच्या चुकांवर जगतो हे स्वतःच सांगून टाकी. एक हवामानकेंद्रातला माणूस होता, डोंगरावर एकटा. रोज संध्याकाळी घरमालकीण 'आजचा आवाज' म्हणून एक ओळ लिही. आज वाळत घातलेली चादर दोरीवर फडफडली. आज सर्व्हरचा पंखा कण्हतो आहे, त्याला तेल पाहिजे की मला, कळत नाही. बाकीचे खाली आपापला आवाज लिहीत. हसत. एकमेकांना टोचत. बटणवाल्यांना पहिल्याच संध्याकाळी कळले की साचेवाला ज्या पत्त्याविषयी बोलला होता तो हा.

त्यांनी बसचालकाच्या चपला लिहिल्या. कुणी काही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेचा फ्रिज लिहिला. काही नाही.

ते घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आपल्या पद्धतीने प्रयोग केला. वाक्य लांबवून पाहिले, आखडून पाहिले. सकाळी लिहून पाहिले, संध्याकाळी लिहून पाहिले. गमतीचे, दुःखाचे. दुसऱ्याच्या लिहिण्याखाली जाऊन मात्र ते कधी काही बोलले नाहीत; तपासनीसाने स्वतःहून बोलून उत्तर काढून घ्यायचे नसते, हे हाडात भिनले होते, आणि पोहायला शिकवणाऱ्या बाईंचे 'बसा, वाचा' त्यांनी पाळलेच होते. घरमालकिणीच्या रोजच्या ओळीखाली ते फक्त चांदणी दाबत. आवडले, एवढे सांगणारी ती खूण.

हिवाळा सरत आला. मनातल्या मनात त्यांनी खाली वळलेला बाण काढला. निष्कर्ष कटू असला तरी स्वच्छ होता : योग्य माणसे सापडली आणि त्या माणसांना आपले वाक्य ऐकण्याजोगे वाटले नाही. तरीही ते लिहीत राहिले, कारण दिवसाचे वाक्य कुठेतरी ठेवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"दिवसभर लोकांशी बोलतोस आणि घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप," ताई एकदा ताट वाढताना म्हणाली. टीव्ही चालूच होता.

"तुला ऐकू कुठे येतं?" ते ओरडले.

"मला ऐकू येत नाही म्हणून तू बोलत नाहीस, का तू बोलत नाहीस म्हणून मला ऐकू येत नाही? एवढा मोठा तपासनीस तू. तपास की एकदा."

हा तर्क सदोष आहे असे त्यांना वाटले, पण दोष नेमका कुठे आहे हे सापडले नाही. ते जेवले आणि फोन घेऊन बसले.

त्याच आठवड्यात घरमालकिणीने घर बंद करत असल्याचे जाहीर केले. संगणक म्हातारा झाला होता, तीही झाली होती, आणि जाळ्यावरचे चोर-दरोडेखोर मात्र दिवसेंदिवस तरुण होत चालले होते; एकटीने राखण होत नाही, असे तिने लिहिले. महिनाअखेरीला दार लागेल. तोवर सगळ्यांनी दुसरीकडे सोय बघावी. जाळ्याच्या रचनेप्रमाणे घर बदलताना तुमचे फॉलोअर तुमच्यामागे नव्या घरी येतात, लिहिलेले मात्र जुन्या घरातच राहते. "माणसं नेता येतात," तिने लिहिले, "बोलणं नेता येत नाही. बाहेरच्या जगात उलटं असतं, तेव्हा तक्रार करू नका."

मग ती एकेकाला स्वतंत्र निरोप पाठवू लागली. बटणवाल्यांना तो दुपारच्या सुट्टीत मिळाला, साचेवाल्याच्या रिकाम्या खोलीत चहा घेताना.

"तुम्ही आलात तेव्हा तुमचं उत्तर मला फार आवडलं होतं. तेव्हापासून एक शब्दही लिहिला नाहीत. चांदणी मात्र रोज येते. आम्ही आपसात तुम्हाला चांदणीवाले म्हणतो, रागावू नका. न बोलणाऱ्यालाही घरात जागा असते, म्हणून कधी टोकलं नाही. पण आता दार लावायचं आहे, तर विचारते. बरे आहात ना?"

त्यांनी ते दोनदा वाचले. पहिली भावना अपमानाची होती.

"मी रोज लिहितो," त्यांनी उत्तर दिले.

"कुणाला?"

"सगळ्यांना."

मग तिचे उत्तर आले : "तुमच्या खात्याच्या दाराशी उभी आहे. नावाची पाटी आहे. पाटीखाली काही नाही. लिहिलेल्यावर कुलपाची खूण दिसते का बघा."

ती होती. प्रत्येक वाक्याच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी. ती त्यांनी रोज पाहिली होती आणि ती सुरक्षिततेची खूण आहे असे समजून त्यांना रोज बरेच वाटले होते. पडदा वर सरकवून त्यांनी आपल्या नावाखालचा आकडा पाहिला. फॉलोअर : शून्य. ज्याच्या पाटीखाली काही नाही त्याच्यामागे कुणी येत नाही. ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्या पाटीखालचे कुणाला दिसत नाही. वर्तुळ पूर्ण होते. त्यात कुठेच फट नव्हती. चपला, फ्रिज, पाणी, सगळा हिवाळा त्यांनी एका आवाजबंद खोलीत बसून काढला होता, आणि काचेबाहेर कुणी बसलेलेच नव्हते.

घरमालकिणीचा आणखी एक निरोप आला. "मालकीण म्हणून आतून बघता आलं असतं मला. बघत नाही मी. घर दिलं म्हणून खोलीत डोकवायचं नसतं. या वेळी डोकावले असते तर बरं झालं असतं, नाही?"

"नाही," त्यांनी लिहिले. थोड्या वेळाने पुढे लिहिले, "चूक माझी. मी हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावून बघितला नाही."

दुपारचा पहिला रुग्ण आत येऊन बसला होता. बटणवाल्यांनी त्याला थांबायला सांगितले, हेडफोन उचलून स्वतःच्या कानांना लावले आणि उजवीकडचे, मग डावीकडचे सगळे स्वर पुन्हा ऐकले. सकाळी ते तपासून झाले होते. आताही सगळे जसेच्या तसे होते. डॉक्टरीणबाई दारातून बघत होत्या. यंत्र बिघडले का, असे त्यांनी विचारले. नाही, ते म्हणाले, यंत्र ठीक आहे.

जुन्या वाक्यांचे कुलूप काढता येत नव्हते. ती पुन्हा लिहावी लागणार होती. त्या संध्याकाळी 'सर्वांना' हा पर्याय निवडून त्यांनी शिक्षिकेचा फ्रिज पुन्हा लिहिला, आणि फोन उलटा ठेवून ताईच्या बातम्या शेवटपर्यंत पाहिल्या.

फोन सुलटा केला तेव्हा घर जागे झालेले होते. मुद्रितशोधकाने पहिले लिहिले होते : "चांदणीवाले बोलले! आणि शुद्धलेखनाची एक चूक नाही. माझ्या पोटावर पाय." हवामानकेंद्रातल्या माणसाने लिहिले होते की त्याच्याकडे फ्रिज नाही, डोंगरच फ्रिज आहे, पण वाऱ्याने दार वाजले की तोही उठून बघतो. रफूवालीचे उत्तर सर्वांत लहान होते. "माझा फ्रिज रोज फसवतो. मी रोज फसते."

त्यांनी यातल्या कुणालाच लगेच उत्तर दिले नाही. उत्तर कसे देतात हे त्यांना सुचेना.

महिनाअखेरपर्यंतच्या संध्याकाळी त्यांच्या झाल्या. सुतार, बसचालक, यंत्र परत करणारे गृहस्थ, सगळे पुन्हा एकदा आले, या वेळी दिव्याच्या उजेडात. रफूवालीने प्रत्येक वाक्य कुठे फाटेल ते सांगितले. मुद्रितशोधकाने वर्ग देणे सुरू केले, आपण होऊन; आपल्याआधी हे काम करणारा कुणी होता, हे त्याला माहीत नव्हते आणि बटणवाल्यांनी ते सांगितले नाही. एकदा घरमालकिणीने विचारले, "तुमच्या घरी कोण ऐकतं?" त्यांनी ताईविषयी लिहिले, कान धरण्याचा विनोद लिहिला, आणि लिहिता लिहिता लक्षात आले की हे वाक्यही ताईची परवानगी घेऊन लिहायला हवे होते.

शेवटच्या संध्याकाळी घरमालकिणीची ओळ आली : "आजचा आवाज : अजून आलेला नाही. यंत्र बंद करताना येईल. तेव्हा तो सांगायला जागा नसेल." सगळ्यांनी चांदण्या दाबल्या. बटणवाल्यांनी त्याखाली लिहिले, "ऐकतो आहे." त्यानंतर पडद्यावर, या पत्त्यावर कुणी उत्तर देत नाही, अशा अर्थाची एक कोरडी सूचना आली आणि तशीच राहिली.

माणसे नेता येतात हे खरे होते, पण माणसांना यायचे असावे लागते. रफूवाली विणकाम-शिवणकामाच्या एका मोठ्या घरी गेली. तिथे ती पुष्कळ लिही, पण सुयांविषयी. हवामानकेंद्रातला माणूस मधूनच दिसे, ढगासारखा. मुद्रितशोधकाने नवे घर घेतलेच नाही. घरमालकिणीचा कुठेच पत्ता नव्हता. तिच्याच नावाची एक बाई एका घरात सापडली, पण ती कुत्री पाळत होती आणि तिला यातले काही माहीत नव्हते.

बटणवाल्यांनी मध्यम आकाराचे, बरे चालवलेले एक घर निवडले. तिथे कुणी प्रश्न विचारला नाही.

त्या दिवशी दवाखान्यात एक बाई आल्या होत्या, मोठ्या दुकानात हिशेब बघून निवृत्त झालेल्या. यंत्र बसवल्यावर त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मग किंचित तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "तुमच्या खोलीत घड्याळ आहे, हे तुम्ही सांगितलं नाहीत." लिहू का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, लिहा, पण मी रागावले नव्हते असंही लिहा.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही लिहिले. सर्वांना. मग फोनवर दुसरे एक खाते उघडले. ते त्यांनी भलत्याच सर्व्हरवर काढून ठेवले होते. त्याला चित्र नव्हते, नाव नव्हते आणि त्याचे काम एकच होते. त्या खात्यातून ते परक्या माणसासारखे आपल्याच दाराशी गेले. पाटी होती. पाटीखाली घड्याळ होते. बाई रागावल्या नव्हत्या हेही होते. त्यांनी ते सगळे कधीच न वाचल्यासारखे वाचले आणि त्यांच्या मते ते बरे होते, दुसऱ्या वर्गात पास होण्याजोगे.

खाली चांदणीची जागा मोकळी होती. त्या दुसऱ्या खात्यातून ती दाबता आली असती. त्यांनी दाबली नाही. त्याने तपासणी खराब होते.

"काय बघतोस एवढं?" ताईने टीव्हीवरची नजर न काढता विचारले.

"आवाज बाहेर जातोय का ते बघतोय," ते म्हणाले. ओरडून बोलायचे त्यांच्या लक्षात राहिले नाही. टीव्हीवर कुणीतरी तावातावाने भांडत होते.

"मग? जातोय?"

त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिले. एका उत्तरावरून काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांना माहीत होते.

"जातोय," ते म्हणाले, त्याच आवाजात.

ताईची नजर टीव्हीवरच राहिली. ऐकले असेल किंवा नसेल. त्यांनी फोन सुलटाच दोघांच्या मधल्या टेबलावर ठेवला आणि सवयीप्रमाणे चेहरा दुसरीकडे वळवला. स्वर पाठवून झाल्यावर समोरच्याकडे बघायचे नसते.